मागच्या गौरींना वाढला

सुलभाताईंच्या घरात काच कधी फुटली नाही. जर्सीतल्या पार्सिपनीच्या त्या घरात बांगड्या वाढल्या, कपबश्या वाढल्या, मुलगा सिद्धेश लहान असताना त्याच्या क्रिकेटच्या बॉलनं शेजारच्या कॅथीची अख्खी खिडकी वाढली. काच, दिवा आणि नारळ यांच्या बाबतीत 'फुटला', 'विझला' असलं अभद्र तोंडातून काढायचं नाही, ही शिकवण त्यांनी सदाशिव पेठेतून जी आणली ती इतकी वर्षं नीट सांभाळली. त्यांचे यजमान शशिकांत चेष्टा करायचे, "कॅथीला सांगू का, तुझी खिडकी वाढली म्हणून? बिचारी टॅक्स वाढेल म्हणून घाबरेल." शशिकांत गेले. शब्द मात्र घरात तसाच राहिला, आणि मे महिन्यातल्या त्या शनिवारी त्यानं सगळ्यांना तोंडघशी पाडलं.

सकाळपासून स्वयंपाकघर गजबजलं होतं. सिद्धेश आणि त्याची बायको प्रीता आदल्या दिवशीच दूरच्या कॅरीहून गाडीनं आले होते. शशिकांतची धाकटी बहीण शोभना एडिसनहून आमरसाचे डबे घेऊन आली होती. सगळे जमले होते ते रुहीसाठी. रुही सिद्धेश-प्रीताची मुलगी, इथंच जन्मलेली, इथंच वाढलेली (इथं 'वाढलेली' साध्या अर्थानं). साउथ जर्सीत जिथं एके काळी गावोगावी काचेच्या भट्ट्या होत्या, तिथल्या एका लहानशा म्युझियममध्ये ती नोकरीला होती. पुढच्या शनिवारी तिचं स्वतःचं असं पहिलं प्रदर्शन उघडणार होतं, आणि आज ती आजीचा निळ्या काचेचा पंच बाऊल, म्हणजे सरबताचा मोठा वाडगा, न्यायला येणार होती.

"आत्या, गाडीच्या ट्रंकमधून अजून काही आणायचंय का?" सिद्धेशनं विचारलं.

"नको!" शोभना इतक्या जोरात म्हणाली की प्रीताच्या हातातली पुरी वाकडी लाटली गेली. "ट्रंक उघडायची नाही. डबे आणलेत ना मी? पुरे."

"अगं, मी नुसतं विचारलं."

"नुसतंच विचारतोस तू. नुसतंच विचारत विचारत पन्नाशीला आलास."

सिद्धेशनं आईकडे बघितलं, आईनं तेलाकडे बघितलं. वन्सं चिडल्या की आपण तेलाकडे बघायचं, हे सुलभाताईंचं जुनं धोरण होतं.

प्रीताचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. शोभनाआत्या हात धुवायला गेल्या तशी ती सासूच्या कानाशी लागली.

"आई, रुहीला सांगितलंय ना तुम्ही? बाऊलचं?"

"सांगितलं की. जानेवारीतच. तिचा फोन आला होता तेव्हा."

"मग काय म्हणाली?"

"इतकी समजूतदार पोर आहे गं! मी म्हटलं, अगं तो बाऊल मागच्या गौरींना वाढला. तर म्हणाली, 'ओ वॉव आजी, दॅट्स परफेक्ट!' एक शब्द बोलली नाही वर."

प्रीता आपल्या मुलीला ओळखत होती. रुहीला एखादी वस्तू गेल्याचं कळलं तर ती समजूतदारपणे रडेल, समजूतदारपणे दोन दिवस जेवणार नाही, पण 'परफेक्ट' म्हणणार नाही. शिवाय तो बाऊल गेला तो आपल्या हातून, ही बोच प्रीताला होतीच. मागच्या गौरींच्या जेवणाला त्यात मठ्ठा केला होता. पंगत उठल्यावर फ्रिजमधला गारेगार बाऊल तिनं रिकामा करून सिंकमध्ये ठेवला आणि ती बायकांना विडे द्यायला बाहेर गेली. टच्च असा आवाज आला. धावत आत आली तर शोभनाआत्या सिंकपाशी उभ्या. "प्रीता, कसा गं ठेवलास! वाढला की बाऊल!" तेव्हापासून या घरातल्या काचेला प्रीता हात लावत नसे. दिवाळीत आली होती तेव्हा चहासुद्धा स्टीलच्या पेल्यातून प्यायली.

बाहेर गाडी थांबली. रुही आली ती दोन्ही हातांत खोके, फोम आणि बबल रॅप घेऊन, दार पायानं ढकलत. नवी सून घ्यायला वऱ्हाड यावं तसा तिचा थाट होता.

"आजी! आय ॲम सो एक्सायटेड. आधी तुला काहीतरी दाखवते, मग बाऊल, मग जेवू. ओके?"

तिनं डायनिंग टेबलावर पोस्टर पसरलं. सगळे भोवती जमले. पोस्टरभर निळा बाऊल होता, द्राक्षांच्या घडांची नक्षी, काठ झालरीसारखा वळवलेला, आणि निळ्यावर मोरपंखी, जांभळी, सोनेरी झाक. दोन वर्षांपूर्वी गौरींना रुहीनंच फोनवर काढलेला फोटो होता तो. नीट पाहिलं तर आत मठ्ठा आणि वर तरंगणारी कोथिंबीरही दिसत होती.

"अगंबाई," सुलभाताई म्हणाल्या. इतकी समजूतदार पोर, की जे गेलं त्याचं चित्र काढून लावलंन!

सिद्धेशला मुलीचं कौतुक वाटत होतं आणि थोडा अचंबाही. बाबा शनिवारी सकाळी यार्ड सेलना, लोकांच्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीला, जाऊन ही चमकणारी काच आणायचे तेव्हा त्याला लाज वाटायची. मित्रांच्या घरी कोरी क्रोकरी आणि आपल्याकडे लोकांनी टाकलेल्या बश्या. "रुही, हे नक्की आहे काय गं?" तो म्हणाला. "बाबा नुसतं 'झेंडूची काच' म्हणायचे. आम्हीही तेच म्हणत आलो."

"बिकॉज तो ऑरेंजवाला कलर मेरिगोल्डच आहे, बाबा! आजोबांनी करेक्ट ट्रान्सलेट केलं होतं." रुही खुर्चीवर एक पाय दुमडून बसली. "सी, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यू यॉर्कमध्ये टिफनी वगैरे लोक काच फुंकून बनवायचे. हातानं. एकेक पीस. त्यावर अशी शाइन असायची, गोल्ड, पीकॉक. पण ते फक्त रिच लोकांच्या घरी. मग वेस्ट व्हर्जिनिया, ओहायोमधल्या साध्या फॅक्टरीजनी काय केलं, काच लोखंडी साच्यात दाबली आणि गरम असतानाच त्यावर मेटल सॉल्ट्स स्प्रे केले. सेम शाइन! आणि एकदम स्वस्त. मायनर्सच्या बायका, शॉपगर्ल्स, सगळ्यांच्या घरी."

"सेमी-पैठणी," शोभना म्हणाली.

"एक्झॅक्टली, शोभनाआजी! सेमी-पैठणी. आणि मग रिच लोकांना राग आला."

"येणारच. मोलकरणीच्या अंगावर तीच साडी दिसली की मालकिणीला नकोशी होते. पुढं?"

"पुढं फॅशन गेली. दोघांचीही, खऱ्याची आणि नकलेची. उरलेला माल जत्रेत बक्षीस म्हणून वाटला, रिंग टाका आणि बाऊल जिंका. म्हणून कार्निव्हल ग्लास. आणि आता लोक काय करतात? काचेच्या कपाटात ठेवतात. लॉक करून. कोणी त्यात जेवत नाही." रुहीचा आवाज जरा चढला. "आमच्या डिरेक्टरनं मला रूम का दिली माहितीये? कारण मी तिला सांगितलं, माझ्या आजीच्या घरी हा बाऊल अजून वापरतात. देवीला जेवण असतं, त्यात हा असतो. शंभर वर्षं जुना आणि स्टिल वर्किंग. बाकीचे पीसेस कुणाकडेही मिळतात. हा एक बाऊल म्हणजे माझं एक्झिबिशन आहे."

प्रीतानं पदर नसलेल्या कुर्त्याला उगाच हात पुसले.

"सो. बाऊल कुठंय? बेसमेंटमध्ये?"

"अगं, तो वाढला ना!" सुलभाताई म्हणाल्या.

"हो, आय नो. मागच्या गौरींना वाढला. तू सांगितलंस. मी ते लेबलवर पण लिहिलंय. पण गौरी-गणपतीनंतर कुठं ठेवला?"

"ठेवायचा कुठं? वाढला म्हणजे... वाढला."

"म्हणजे गौरींना वाढलं ना त्यातून? लाइक, सर्व्ह्ड?"

आता कुठं सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सिद्धेशला आधी हसू आलं, मग मुलीचा चेहरा बघून ते त्यानं गिळलं. लहानपणापासून रुहीनं हा शब्द ऐकला तो एकाच अर्थानं: चला, पानं वाढलीत. आईला वाढ. बाबांना अजून एक पोळी वाढ. मराठीनं एकाच शब्दाला तीन तीन नोकऱ्या लावल्या, यात पोरीचा काय दोष?

"रुही," तो हळूच म्हणाला, "काच वाढली म्हणजे काच फुटली. आपल्याकडे फुटली म्हणत नाहीत. बॅड लक. बाऊल इज ब्रोकन, बेटा."

रुहीनं एकदा पोस्टरकडे बघितलं. मग आणलेल्या खोक्यांकडे.

"पण मी 'परफेक्ट' म्हणाले," ती म्हणाली. "आजी, तू म्हणालीस ब्रोकन आणि मी परफेक्ट म्हणाले?"

"मला वाटलं, तू किती मोठ्या मनाची..." सुलभाताई म्हणाल्या.

रुही उठली, स्लायडिंग डोअर उघडून मागच्या डेकवर गेली आणि पायरीवर बसली. पाठमोरी. तिला वाईट वाटत होतं ते दोन्हीचं: बाऊल गेला याचं, आणि आपल्याला आपल्याच आजीची भाषा पुरती येत नाही याचं. सोमवारी डिरेक्टरला काय सांगायचं? की माझ्या घरी अजून वापरात असलेली वस्तू वापरताना फुटली, आणि हे मला सात-आठ महिन्यांनी कळलं?

कुणीतरी येऊन शेजारी बसलं. आई होती.

"रुही, तो माझ्या हातून गेला," प्रीता म्हणाली. "मी सिंकमध्ये नीट ठेवला नव्हता. तुला फोन करून साफ सांगायला हवं होतं. आजी सांगतील म्हणून मी सुटल्यासारखी गप्प बसले. सॉरी."

"काहीतरीच काय!" दारात सुलभाताई उभ्या होत्या, हातात झारा. "तिच्या हातून नाही गं. मीच म्हटलं होतं, मठ्ठा त्या बाऊलमध्ये करा, फ्रिजमध्ये ठेवा. स्टीलचं पातेलं होतं की घरात! हौस मला. दोष माझा."

"आई, तुम्ही नका उगाच आपल्यावर घेऊ."

"घेईन. माझा बाऊल, माझा दोष."

सासू-सुना एकमेकींचा अपराध असा ओढून घेत होत्या, जसं पंगतीत शेवटच्या लाडवाचं होतं, फक्त उलट. रुहीला त्या दोघी अशा एका बाजूला कधी दिसल्या नव्हत्या. एरवी वरणात गूळ घालावा की नाही यावरून त्यांचं वाजायचं.

शोभना डायनिंग टेबलाशी एकटीच उरली होती. समोर पोस्टरवर दादाचा बाऊल. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. आपण गप्प राहिलो तर हे असंच मिटेल, हे तिला कळत होतं. वहिनी प्रीताला पाठीशी घालतील, प्रीता वहिनींना, आणि दोघींचं उलट गोडच होईल. तिनं मनाशी हिशेब केला, आणि तिला स्वतःचाच राग आला. ती पर्समधून गाडीची किल्ली काढून उठली.

"सिद्धेश, चल. ट्रंक उघडायचीय."

"आत्ता तर म्हणालीस..."

"मघाशी म्हटलं होतं. आता चल."

परत आले तेव्हा सिद्धेशच्या हातात जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. शोभनानं डेकवरच्या तिघींना आत बोलावलं. ती उभीच राहिली.

"प्रीता, बाऊल तू नीट ठेवला होतास. अगदी मधोमध. कढत पाण्याचा नळ मी सोडला. गार काच आणि वर कढत पाणी. वाढणार नाही तर काय होणार? आणि तू आत आलीस तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा तुझंच नाव निघालं. तोंडाला सवय झालीय, सुनेचं नाव घ्यायची. मग ते परत घेता येईना."

प्रीताला आधी राग आला, चांगलाच आला. "आत्या, मी तेव्हापासून या घरात स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायलेय!"

"बघितलं मी. दिवाळीत. घोट माझ्या घशाखाली उतरत नव्हता."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"भित्री आहे म्हणून. तोंडानं तिखट माणसं आतून भित्रीच असतात."

हे इतकं खरं होतं, आणि शोभनाआत्याच्या तोंडून इतकं अनपेक्षित, की प्रीताला हसूच फुटलं. तिनं हात पुढं करून आत्याला खुर्चीत बसवलं. त्या बसण्याबरोबर इतक्या महिन्यांची बोच तिच्या मनातून गेली.

सुलभाताई मात्र गाठोड्याकडे बघत होत्या. "वन्सं, तुकडे? तुम्ही तर म्हणालात, जाताना कुठंतरी टाकून देते. वाढलेली काच घरात ठेवायची नाही म्हणून मला बजावलंत!"

"बजावलं."

"दर वेळी बजावता. चिरलेला कप दिसला की बजावता."

"वहिनी, नाही टाकवला मला." शोभनानं साडीची गाठ सोडायला घेतली. "दादानं तो बाऊल माझ्यासाठी घेतला होता. मी लग्न होऊन नवी नवी आले होते, पहिलाच ऑक्टोबर. मला करमेना, सारखी रडायचे. तो मला बूनटनला एका यार्ड सेलला घेऊन गेला. बाऊल मी बघितला पहिल्यांदा. त्यानं घेतला आणि म्हणाला, 'तुझाच आहे हा. तुमच्या एका खोलीत कुठं ठेवशील? मोठं घर झालं की ने.' मग मोठं घर झालं. तोपर्यंत तुमच्याकडे गौरींना तो लागायला लागला होता. मग कसा मागणार?"

सुलभाताईंचा झारा हवेतच थांबला.

"तुमच्यासाठी?"

"हो."

"वन्सं, ह्यांनी तो मला दिला होता. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला. ऑक्टोबरातच. म्हणाले, 'खास तुझ्यासाठी शोधून आणलाय, दिवसभर हिंडलो.'"

पहिल्यांदा सिद्धेशनं हसायला सुरुवात केली. मग प्रीता. शशिकांतनी एकाच बाऊलमध्ये बायको आणि बहीण दोघींची समजूत घातली होती, आणि दोघींना जन्मभर पत्ता लागू दिला नव्हता. शोभना डोळे पुसत हसू लागली, आणि सुलभाताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बाई बाई बाई. आणि मी त्या दिवशी ह्यांना बासुंदी करून घातली होती!"

"मला पिझ्झा खाऊ घातला होता त्यानं," शोभना म्हणाली. "वर तुमची बासुंदी. मजाय बुवा."

रुही या हसण्यात नव्हती. तिनं साडी पूर्ण उलगडली होती. तुकडे मोठे होते, तीन, कडा स्वच्छ. तिचे हात आपोआप सावकाश झाले, कामावर असतात तसे.

"हे तर... हे फाइन आहेत," ती म्हणाली. "थर्मल क्रॅक आहे, चुरा नाही झालेला. आजी, खालचं स्टँड आहे ना?"

"ते शाबूत आहे. बेसमेंटमध्ये."

"आमच्याकडे कंझर्व्हेटर आहे, ती हे जोडू शकते. जोड दिसतील. पुढच्या शनिवारपर्यंत नाही झालं तर असेच मांडीन, तीन पीसेस. अँड यू नो व्हॉट? लेबल चुकीचं नाहीये. मागच्या गौरींना वाढला. दोन्ही मीनिंग्ज लिहीन." ती पहिल्यांदा हसली. "आजी, तू मला नीट शिकव मात्र. अजून किती शब्द असे आहेत?"

"पुष्कळ आहेत. जायला निघालं की आपण 'येते' म्हणतो, तिथून सुरुवात कर."

पुऱ्या गार झाल्या होत्या. कुणाला त्याची फिकीर नव्हती. प्रीतानं टेबलावरच्या वाट्या बाजूला केल्या, सिद्धेशनं जाड टॉवेल अंथरला आणि रुहीनं तीन तुकडे त्यावर एकमेकांना टेकवले. द्राक्षांचा घड घडाला मिळाला. खिडकीतून येणारं ऊन निळ्या काचेवर पडलं तशी भिंतीवर मोरपंखी डाग हलले. बाऊल पुन्हा बाऊल दिसू लागला, फक्त झालरीच्या काठाला एका जागी अंगठ्याएवढी खाच राहिली.

"इथला एक पीस मिसिंग आहे," रुही त्या जागी बोट ठेवून म्हणाली. "शोभनाआजी, ट्रंकमध्ये पडला का?"

"नाही."

"मग?"

"तो माझ्याकडे आहे." शोभना टॉवेलच्या दशा सारख्या करत राहिली. "तेवढा नाही मिळणार."

"बट इट्स द रिम! एकदम समोर येतं. सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे. बाकी सगळा ने. तो देवघरात आहे माझ्या, दादाच्या फोटोपाशी."

"देवघरात?" सिद्धेशला राहवलं नाही. "आत्या, तू? वाढलेली काच, देवघरात?"

एरवी शोभनानं त्याला उभा-आडवा घेतला असता. आता ती वहिनींकडे बघत होती, आणि मग सगळेच त्यांच्याकडे बघू लागले, कारण बाऊल त्यांच्या घरचा होता आणि शेवटचा शब्द त्यांचाच होता. रुहीचं बोट अजून खाचेवर होतं. आठवडाभरात उघडणारं तिचं प्रदर्शन, त्यातली मधली वस्तू, तिचा पुढचा काठ. आजीनं एक शब्द टाकला असता तर शोभनाआजीला नाही म्हणता आलं नसतं, हे रुहीला माहीत होतं, आणि आजीलाही.

सुलभाताईंनी झारा टेबलावर ठेवला.

"राहू दे त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या. "आधी ते वन्संचे भाऊ होते गं. मला नंतर मिळाले."

रुहीनं खाचेवरचं बोट काढून घेतलं.